यायचं की नाही: पीटरबरोहून निखिलला

निखिल,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा कामावरून येताना बसमध्ये, एकदा घरी वही घेऊन. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि छकुलीचं ‘बाबा, मला पण बोलायचंय’ इतकं जोरात होतं की तुझे प्रश्न अधूनमधून बुडालेच. वहीत उतरले ते असे: लंडनमधला तो झेंडेवाल्यांचा मोर्चा बघून प्राची घाबरली आहे, तर घाबरण्यासारखं आहे का? ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे, युरोपातले लोक गेले आणि आपल्याला रान मोकळं झालं असं तुझा ऑफिसातला मित्र म्हणतो, ते खरं का? पाच वर्षांत कायमचं राहता येतं, हे अजून आहे का? आणि फोन ठेवता ठेवता म्हणावं तसं, ‘आईला नंतर आणता येईल ना गं, मावशी?’

शेवटच्यापासून सुरू करते, कारण बाकी तिन्हींच्या उत्तरांत ‘पण’ आणि ‘मात्र’ भरपूर आहेत, याच्यात नाहीत. नाही. ताईला आणता येणार नाही. पाहुणी म्हणून येईल, एका वेळी सहा महिने. राहायला नाही.

जुलै २०१२ मध्ये इथल्या सरकारने वयस्क आईवडिलांना आणायचे नियम असे आवळले की दार कागदावर उघडं आणि प्रत्यक्षात बंद. सिद्ध काय करायचं, तर आईला अंघोळ, जेवण, कपडे हे रोजचं दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाही, आणि ती मदत भारतात मिळतच नाही, पैसे मोजूनही नाही. आजी मिरजेत बाथरूममध्ये पडली तेव्हाचं तुला आठवत असेल. मी इथे एका वकिलाकडे गेले होते. त्यांनी अर्ध्या तासात फाईल मिटली. म्हणाले, तुमची बहीण तिथे आहे, ती सगळं करते आहे, दिवसा बाई ठेवली आहे. मग मदत मिळत नाही असं कोणत्या तोंडाने लिहायचं? म्हणजे ताईने आईचं जे जे केलं, ते सगळं माझ्या अर्जाच्या आड आलं. हे मी ताईला कधी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुम्ही दोघं निघालात की हाच प्रश्न ताईचा होणार. तुझा भाऊ बंगळुरूला आहे, एवढं कारणही त्यांना पुरेल.

आता याचा ब्रेक्झिटशी संबंध काय, तर आमच्या घरात तरी तो फार जवळचा होता. आजीच्या त्याच दिवसांत तुझे काका काम करतात त्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका पोलिश माणसाची आई ल्यूटन विमानतळावर उतरली आणि कायमची राहिली. ना व्हिसा, ना फी, ना वकील. युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही देशाच्या माणसाला तेव्हा इथे येणं म्हणजे आपण सांगलीहून पुण्याला जावं तसं होतं. काका तसे कुणाचा हेवा करणारे नाहीत, तुला माहीत आहे. पण त्या माणसाने आईच्या हातचे पिएरोगी डबा भरून आणले आणि काकांना खायला दिले, त्या दिवशी घरी येऊन ते नीट जेवले नाहीत.

मग आलं २३ जून २०१६. युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं यावरचं सार्वमत. मतदान आमच्या भागातल्या समाजमंदिरासारख्या एका हॉलमध्ये होतं. बोटाला शाई नाही, तेव्हा ओळखपत्रही दाखवावं लागत नव्हतं; दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. आणि आम्ही दोघं तेव्हा भारताच्याच पासपोर्टवर होतो! राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असला की त्याला सगळ्या निवडणुकांत मत देता येतं, त्या सार्वमतातही देता आलं. तो पोलिश माणूस बारा वर्षं इथे कर भरत होता, त्याची नोकरी आणि त्याची आई दोन्ही त्या मतपत्रिकेवर होते, आणि मत मात्र त्याला नव्हतं. काकांना होतं. काकांनी ‘बाहेर’वर फुली मारली, मी ‘राहू’वर. माझ्या लॅबमध्ये एक स्पॅनिश, दोघी पोर्तुगीज आणि एक ग्रीक पोरगा होता. त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही करणं मला शक्य नव्हतं. नंतर तीन दिवस आमचं बोलणं ‘भाजी काय करू’ एवढ्यावर आलं होतं.

काका एकटे नव्हते. मतदानानंतरच्या पाहणीनुसार इथल्या आशियाई मतदारांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी बाहेर पडायला मत दिलं. प्रीती पटेल तेव्हा रोजगार खात्याच्या मंत्री होत्या. त्या सांगत होत्या की युरोपला मोकळं दार असल्यामुळे आपल्या करी हाऊसना भारत-बांगलादेशातून आचारी आणता येत नाहीत. बाहेर पडलो की येतील. आपल्या माणसांना त्यात ‘पोलिश जातील, आपले येतील’ एवढंच ऐकू आलं. आचारी काही फार आले नाहीत, ते जाऊ दे.

देशभरात ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा निकाल लागला. आमच्या पीटरबरोत ६०.९ टक्के ‘बाहेर’. इथून गाडीने तासाभरावर बॉस्टन म्हणून लहानसं गाव आहे, तिथे ७५.६ टक्के, सगळ्या देशात सर्वाधिक. रात्रीतून पौंड डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या तळाला गेला. मी त्याच आठवड्यात आजीच्या औषधांचे पैसे पाठवणार होते.

या सगळ्याला गोऱ्यांचा वंशद्वेष म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही सुरुवातीला तेच केलं. पण तू इथे राहायला येणार असशील तर तुझ्या शेजाऱ्याच्या डोक्यात काय आहे ते तुला कळायला हवं, म्हणून जरा मागचं सांगते.

पीटरबरो हे मुळात बाहेरून माणसं आणूनच वाढलेलं गाव. लंडनपासून रेल्वेने पाऊण-एक तास. १९५० च्या दशकात इथल्या वीटभट्ट्यांसाठी दक्षिण इटलीतून माणसं आणली. त्यांची नातवंडं आज अस्सल इंग्रजी शिव्या देतात. मागाहून पाकिस्तानी आले. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा त्यांतले कितीतरी शेजारच्या लेस्टरला गेले. लेस्टरच्या पालिकेने युगांडातल्या पेपरात ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात दिली होती. आज तेच शहर आपल्या दिवाळीची पोस्टरं छापतं.

मग २००४. युरोपियन युनियनमध्ये पोलंड, लिथुआनिया असे पूर्वेकडचे आठ देश एकदम आले. जर्मनी-फ्रान्सने त्यांच्या कामगारांवर काही वर्षं निर्बंध ठेवले. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने पहिल्या दिवसापासून दार उघडलं. सरकारसाठी केलेल्या एका अभ्यासात अंदाज होता की वर्षाला फार तर १३,००० लोकांची भर पडेल. आले लाखोंनी. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल सगळ्यात जास्त बोलली जाणारी मुख्य भाषा पोलिश निघाली. आमच्या आजूबाजूला फेन्स म्हणून सपाट काळ्या मातीचा मुलूख आहे. फ्लॉवर, कोबी, लीक, डॅफोडिल. कृष्णाकाठच्या माणसाला बघून बरं वाटेल अशी जमीन. तिथली खुडणी, पॅकिंगच्या शेडमधली रात्रपाळी, हे सगळं त्या पोरांकडे गेलं. एकेका घरात आठ-आठ जण राहायचे, पहाटे मिनीबस येऊन गोळा करून न्यायची. त्यांच्यामुळे मालकाचा धंदा वाढला, मालवाहतूक वाढली. वाढल्या नाहीत त्या सरकारी दवाखान्याच्या वेळा आणि शाळांतल्या जागा. वर २००८ ची मंदी, आणि २०१० नंतरच्या सरकारने पालिकांचे पैसे कापले. मग जीपीच्या, म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टरच्या, दारात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पैसे कापणारा मंत्री दिसत नाही, पुढे उभा असलेला लिथुआनियन दिसतो. हा माझा निष्कर्ष. काका म्हणतात मी राहूवाली आहे म्हणून असं बोलते.

त्यात ‘आमचे कायदे ब्रसेल्समध्ये का ठरतात’ हाही खरा राग होता. तो मला इथल्या लोकांशी बोलल्याशिवाय कळला नसता. आपणही दिल्लीत ठरलेल्या गोष्टींवर किती चिडतो! युरोपियन युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, असं ‘बाहेर’वाल्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेलं, तसल्या थापा चालल्या, पण ‘ताबा परत घ्या’ ही घोषणा चालली ती थापांमुळे नव्हे.

आता तुझ्या मित्राच्या म्हणण्याकडे येते. त्याचं अर्धं खरं आहे आणि तेवढंच अर्धं जुनं झालं आहे. १ जानेवारी २०२१ पासून युरोपियन माणसाची मोकळीक संपली आणि सगळ्या जगाला व्हिसासाठी गुण मोजायची एकच पद्धत लागू झाली. पगाराची अट खाली आली, शिक्षणानंतर दोन वर्षं काम करायचा व्हिसा पुन्हा मिळू लागला, २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्यांना दार उघडलं. युरोपातून येणाऱ्यांपेक्षा परत जाणारे जास्त झाले आणि त्यांच्या जागी भारत, नायजेरिया, पाकिस्तानातून लोक आले. येणाऱ्यांत पहिला नंबर आपला. शिवाय युक्रेनमधले निर्वासित, हाँगकाँगचे लोक. येणारे वजा जाणारे हा आकडा सार्वमताच्या वेळी वर्षाला ३,३३,००० होता आणि त्यावर देश पेटला होता. २०२३ मध्ये तो नऊ लाखांच्या वर गेला. म्हणजे आकडा कमी व्हावा म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांना तो जवळजवळ तिप्पट होऊन मिळाला. या लाटेला इथले लोक तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या नावावरून चिडून ‘बोरिसवेव्ह’ म्हणतात. त्या लाटेत सगळ्यात ठळक दिसणारा चेहरा तुझ्या-माझ्यासारखा आहे.

आणि मग दारं धडाधड लागली. जानेवारी २०२४ पासून एमएस करायला येणाऱ्याला बायको-मुलं आणता येत नाहीत. मार्चमध्ये सेवा कामगारांना तीच बंदी. एप्रिलमध्ये नोकरीच्या व्हिसाची पगाराची अट वर्षाला २६,२०० वरून ३८,७०० पौंड. सरकार बदललं, हुजूर पक्ष जाऊन मजूर पक्ष आला, तरी जुलै २०२५ मध्ये ती ४१,७०० झाली, पदवीच्या पातळीखालच्या बहुतेक नोकऱ्या यादीतून गेल्या आणि सेवा कामगारांची परदेशातली भरती बंदच झाली. पंतप्रधान स्टार्मर त्या मे महिन्यात म्हणाले की नियम नसतील तर आपण ‘अनोळखी माणसांचं बेट’ होऊ. नंतर त्यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला, धोरण तसंच ठेवलं. गंमत अशी की त्या भाषणाला आठवडा होत नाही तोच ते लंडनमध्ये युरोपियन युनियनच्या नेत्यांशी मैत्रीच्या नव्या करारावर हस्तांदोलन करत होते. सर्वेक्षणांत आज निम्म्याहून जास्त लोक बाहेर पडणं चुकलं असं म्हणतात, आणि तरी युरोपियनांची मोकळी ये-जा पुन्हा सुरू करू असं मोठ्या पक्षाचा नेता म्हणत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार्मर मुंबईला आले, तेव्हा तुमच्या पेपरांत व्यापार कराराचे रकाने भरले असतील; व्हिसा वाढवून देण्याचा प्रश्नच नाही असं ते तेव्हाच सांगून गेले.

तुझ्या त्या मडगावच्या मित्राला सांग, त्याच्या मामेभावाची वाटही बंद झाली. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर थेट इथे यायचे. स्विंडन आणि साउथॉलमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. स्विंडननेही ‘बाहेर’लाच कौल दिला. ३१ डिसेंबर २०२० च्या आत जे इथे राहायला होते त्यांचं निभावलं. आता पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन आलेल्या गोवेकराला तुझ्यासारखाच व्हिसा लागतो, आणि भारताचं नागरिकत्व गेलेलं असतं ते वेगळंच.

प्राचीच्या भीतीबद्दल. तो मोर्चा १३ सप्टेंबर २०२५ चा, टॉमी रॉबिन्सन या कडव्या उजव्या पुढाऱ्याने बोलावलेला. पोलिसांच्या अंदाजाने एक लाख दहा हजार ते दीड लाख माणसं होती. त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही दिव्याच्या खांबांवर लाल क्रूसाचे पांढरे, इंग्लंडचे झेंडे लागले. झेंडा म्हणजे फक्त झेंडा असंही असतं, फुटबॉलच्या वेळी आम्हीच लावतो. पण खांबावरचा झेंडा कुणी लावला आणि कुणासाठी लावला हे वळणावर उभं राहिलं की कळतं.

मला जास्त भीती वाटली ती आदल्या वर्षी. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये एका मुलाने नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींना भोसकून मारलं. तो नुकताच बोटीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे अशी अफवा पसरली. होता तो कार्डिफमध्ये जन्मलेला. आठवडाभर गावोगावी दंगे झाले, रॉदरहॅममध्ये निर्वासित राहत होते त्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला, संडरलंडला कामावर निघालेल्या फिलिपिनो नर्सेसवर दगड फेकले. आमच्या विभागाने निरोप पाठवला, रात्रपाळीला एकट्याने चालत येऊ नका. मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा टॅक्सी करून कामाला गेले. मग ७ ऑगस्टला गावोगावी दंगेखोरांच्या विरोधात हजारो लोक रस्त्यावर आले आणि ते आटोपलं. प्राचीला हे दोन्ही सांग, एक सांगून दुसरं लपवू नकोस. रोजचं जगणं शांत आहे. बसमध्ये कुणीतरी वर्षातून एकदा काहीतरी बोलतं, आणि ते घरापर्यंत येतं.

शेजारच्या आजीबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी ‘बाहेर’ला मत दिलं हे त्यांनीच सांगितलं. दर जूनमध्ये त्या मला परसातली रुबार्ब आणून देतात, मी त्यांना चिवडा. त्या बोटींतून येणाऱ्यांवर तासभर बोलतात आणि शेवटी माझ्या हातावर हात ठेवून म्हणतात, ‘तुम्हाला नाही हं म्हणत मी, तुम्ही रीतसर आलात.’ दहा वर्षांपूर्वी त्या हेच पोलिश लोकांवर बोलून मला वगळायच्या. आता वर्षभरात त्यांच्या बोलण्यात ‘व्हिसावर येऊन बायकापोरं आणणारे’ आले आहेत. ते म्हणजे रीतसरच आलेले ना? मी विचारलं नाही. गृहमंत्री असताना सुएला ब्रेव्हरमन यांनीही, ज्यांच्या वडिलांचं मूळ गोव्याचं, २०२२ मध्ये म्हटलं होतं की व्हिसा संपून राहणाऱ्यांत सर्वाधिक भारतीय. वगळणारी यादी बदलत असते, बाळा. काकांनी त्या पेन्सिलीने फुली मारताना हेच धरलं नव्हतं. दार पोलिश लोकांसाठी लागेल, आपलं वेगळं आहे, अशी त्यांची समजूत होती. आता ते त्यावर बोलत नाहीत आणि मी काढत नाही.

म्हणून पाच वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर. आत्तापर्यंत पाच होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी मांडलेल्या प्रस्तावात मुळात दहा वर्षं आहेत, आणि ती इथे आधीच राहणाऱ्या पण कायम वास्तव्याचा परवाना न मिळालेल्या लोकांनाही लावायची असं त्यात आहे. तीन वर्षं ५०,२७० पौंडांच्या वर करपात्र पगार दाखवला तर पाच वर्षं कमी होतात, सरकारी मदत घेतली तर वाढतात. निकष शेवटी कसे येतील ते अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर बघ, माझ्या पत्रात बघू नकोस. नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष तर म्हणतो की कायम वास्तव्याचा परवाना ही गोष्टच रद्द करू, दर पाच वर्षांनी नवा व्हिसा काढा. २०२५ मध्ये बहुतेक सर्वेक्षणांत तो पहिला होता आणि पुढची निवडणूक उशिरात उशिरा ऑगस्ट २०२९ मध्ये आहे. तू २०२६ मध्ये आलास तर तुझी पाच काय आणि दहा काय, त्या निवडणुकीच्या पलीकडे जाणार.

खेळ चालू असताना नियम बदलणं इथे नवीन नाही. २००६ मध्ये उच्चकौशल्यवाल्यांच्या व्हिसावर आलेल्या लोकांना, त्यात आपले कितीतरी डॉक्टर-इंजिनिअर, मध्येच नवे निकष लावले. ते कोर्टात गेले आणि २००८ मध्ये उच्च न्यायालयात सरकार हरलं. काका पुढच्याच वर्षी आले, आमच्या ओळखीत त्या खटल्याला वर्गणी दिलेले दोघे होते. तेव्हा ते जिंकले म्हणून आताही कुणी जिंकेल असं धरून चालू नकोस.

आता व्यवहार. तुझ्या कंपनीकडून ऑनसाइट येणार असशील तर लक्षात ठेव, कंपनीच्या बदलीचा तो व्हिसा कितीही वर्षं काढलीस तरी कायम वास्तव्याकडे जात नाही. पैसे साठवून परत जायचं ठरवलं असेल तर उत्तम आहे. इथल्या कंपनीत स्वतः नोकरी शोधलीस तर ४१,७०० ही किमान अट, पण सॉफ्टवेअरच्या पदांचा ठरलेला दर त्याहून बराच जास्त आहे. स्पॉन्सर, म्हणजे जिच्या नोकरीवर व्हिसा मिळतो ती कंपनी, बुडाली किंवा तिचा परवाना रद्द झाला, की साधारण ६० दिवसांत दुसरा शोधायचा, नाहीतर निघायचं. घराचं भाडं, मुलीची शाळा, सगळं त्या ६० दिवसांत. या व्हिसावर कर आणि विमा भरूनही बहुतेक सरकारी भत्त्यांवर तुमचा हक्क नसतो, हेही इथल्या टीव्हीवर फारसं कुणी सांगत नाही.

आरोग्याचा सरचार्ज मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६, तोही सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा. तुम्हा तिघांचे पाच वर्षांचे १४,२३० पौंड होतात, म्हणजे १७ लाखांच्या आसपास, आणि व्हिसाची फी वेगळी. इथेच तुला एक सुचवते, जे तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. प्राची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने एचसीपीसी या इथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या संस्थेत नोंदणी करून सरकारी रुग्णालयात नोकरी मिळवली तर तिला आरोग्य क्षेत्राचा व्हिसा मिळेल, आणि त्या व्हिसावर सरचार्ज कुणालाच नाही, तिलाही नाही, तुला आणि छकुलीलाही नाही. तू तिचा अवलंबित म्हणून येशील आणि कुठेही, कुठल्याही स्पॉन्सरशिवाय नोकरी करू शकशील. ‘अवलंबित’ या शब्दाने तुझं तोंड वाकडं होणार आहे हे मला इथून दिसतंय. वाकडं करून झालं की हिशोब पुन्हा वाच. सोपं नाही, जागांसाठी स्पर्धा आहे आणि नोंदणीला महिने जातात. पण तुमच्या घरातलं चलनी नाणं ती आहे.

एजंटला एक रुपया देऊ नकोस. स्पॉन्सरशिप विकत घेणं हा गुन्हेगारीचा धंदा आहे. सेवा कामगारांच्या व्हिसासाठी लाखो रुपये भरून आलेली पोरं मी आमच्या गावात पाहिली, आल्यावर काम आठवड्याचे आठ तास. स्पॉन्सर कंपन्यांची यादी सरकार सगळ्यांसाठी खुली ठेवतं, ती आधी बघ. पुण्याचा फ्लॅट विकू नकोस, भाड्याने दे. आणि आलास की पहिल्या महिन्यात मतदार यादीत नाव घाल, तुला तो हक्क आल्या दिवसापासून आहे. आमच्या मतदारसंघात २०२४ ला ११८ मतांनी निकाल लागला.

मी तुला ये म्हणत नाही आणि येऊ नको असंही नाही. मला इथे माझं काम मिळालं, मिरजेत मिळालं नसतं असं. पाच वर्षांनी परत जावं लागलं तरी ज्याचं नुकसान होणार नाही अशी योजना असेल तर ये. ‘कायमचं’ हा शब्द धरून येत असशील तर थांब.

प्राचीला विद्यापीठाच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचे तपशील आत्तापासून मागवायला सांग, आपल्या विद्यापीठांना वेळ लागतो. आणि ताईशी बोल. ‘नंतर बघू’ असं म्हणून नव्हे, मी वर लिहिलंय तसं सरळ. मग मला फोन कर. शनिवारी माझी रात्रपाळी आहे, रविवारी तुमच्या दुपारी चारनंतर कधीही.

— मावशी